कोण कोणासाठी थांबतंय?

प्रिय मित्रा,

काल फोनवर तुझा आवाज ऐकून वाईट वाटलं. आठवडाभर वाट पाहून तासभर खेळायला बसावं आणि गेममधल्या शहराचा मोठा चौक आला की चित्र अडखळायला लागावं, याने जीव किती मेटाकुटीला येतो ते मी भोगलंय. "नवं ग्राफिक्स कार्डच घेतो आता," असं तू म्हणालास आणि मी फक्त "थांब" म्हणालो. का थांब, ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात प्रोसेसरने सगळा हिशोब करायचा: कोण कुठे उभं आहे, कोण कोणावर आदळलं, आता काय काय रंगवायचंय. आणि ग्राफिक्स कार्डाने ते रंगवून द्यायचं. एक फ्रेम रंगत असताना पुढच्या फ्रेमचा हिशोब सुरू असतो. या दोघांत जो सावकाश, त्याच्या चालीने गेम चालतो. दुसरा रिकामा बसून राहतो. तुझं कार्डच जर रिकामं बसत असेल, तर त्याच्या जागी आणलेलं महागडं कार्डही तसंच बसून राहील. माझा जीव तुटतो तो याच्यासाठी.

तेव्हा आधी एक प्रयोग कर. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) बंद कर, फ्रेमची मर्यादा घातली असशील तर काढ, अपस्केलिंग (लहान चित्र रंगवून ते मोठं करून दाखवणं) बंद कर. तुला छळणाऱ्या त्याच चौकात जाऊन उभा राहा आणि सेकंदाला किती फ्रेम येतात तो आकडा लिहून घे. मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, १०८०पीवरून ७२०पीवर आण. रंगवायचे पिक्सेल सुमारे २० लाख ७४ हजारांवरून ९ लाख २२ हजारांवर येतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आकडा चांगला वर उसळला तर अडचण कार्डाची. जागचा हलला नाही, तर कार्ड बिचारं निर्दोष आहे, दमछाक प्रोसेसरची किंवा रॅमची होतेय.

"पण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतो," असं तू म्हणशील. त्या आकड्यावर जाऊ नकोस. तुझ्या प्रोसेसरला ६ कोर आणि १२ थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी १२ कामं हाती घेऊ शकतो. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच जीव तोडून पळत असला तरी एकूण हिशोबात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाचा वापर बघ. तो ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय. तो ६० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असेल तर कार्ड कोणाची तरी वाट बघतंय. एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्राममधून हे सगळं खेळतानाच पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं.

माझ्या बाबतीत काय झालं ते तुला कधी सांगितलंच नव्हतं. कित्येक महिने मी सगळी सेटिंग अगदी खालपर्यंत नेऊन खेळत होतो. सावल्या गेल्या, गवत गेलं, चित्र मातीमोल झालं, आणि गर्दीच्या जागी आकडा ४२ चा ४२. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाहिला तर २१३३! रॅम ३२०० ची होती. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू केल्याशिवाय अशी रॅम सहसा तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालत नाही, आणि ते कोणी चालूच केलं नव्हतं. केस उघडली तर आणखी एक गोष्ट सापडली. जोडणाऱ्याने रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकाच चॅनेलच्या शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये बसवल्या होत्या, त्यामुळे दोन वाटा असून सगळी ये-जा एकाच वाटेने होत होती. चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो. तरी तुझ्या बोर्डाचं मॅन्युअल बघूनच हात लाव, आणि वीज बंद करून. माझा आकडा त्याच संध्याकाळी ५५ च्या पुढे गेला. एक पैसाही खर्च न होता. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो तुलाही व्हावा असं फार वाटतं.

तुझी रॅम ठीक निघाली तर उष्णता तपास. पहिली दहा मिनिटं छान आणि मग घसरण, असं होत असेल तर संशय तिच्यावरच. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम उघडून ठेव. प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत जाऊन त्याचा क्लॉक (कामाचा वेग) खाली येत असेल, तर तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय. धूळ काढ, पंखे फिरतायत का बघ, प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदल.

अडचण कार्डाचीच निघाली, तरी सगळं एकदम खाली नेऊ नकोस. आधी रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून रंगवणं) कमी कर, मग सावल्या, धुकं आणि प्रतिबिंबं. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मात्र व्हीआरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरत नसेल तर राहू दे. ते कमी केलं की चित्र उगाच बिघडतं आणि हाती फारसं काही लागत नाही. व्हीआरॅम भरत असेल तेव्हा मात्र पहिला हात टेक्स्चरलाच घाल. डीएलएसएस किंवा एफएसआर ही अपस्केलिंगची सेटिंग 'क्वालिटी'वर ठेवलीस तर कार्डाचं ओझं बरंच उतरतं. प्रोसेसर दमत असेल तर याने फरक पडत नाही. तिथे गर्दीची घनता आणि किती दूरवरचं दिसावं ही सेटिंग कमी करावी लागतात. फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेममध्ये बनवून घातलेली फ्रेम, मला पटत नाही. मुळात ३० फ्रेम मिळत असतील तर आकडा वाढलेला दिसतो, पण माऊस हलवल्यावरचा जडपणा तसाच राहतो.

अजून एक, सरासरीवर विसंबू नकोस. सरासरी ७० असूनही मध्येच एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद घेते आणि तोच झटका आपल्याला जाणवतो. म्हणून "१ टक्का लो" नावाचा, सगळ्यात सावकाश १ टक्का फ्रेमचा वेग सांगणारा आकडा बघ. नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावरच झटके येत असतील आणि दुसऱ्यांदा नाही, तर बहुधा तिथे शेडर (काय कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. त्याला नवं कार्ड हा इलाज नाही. आणि ते "एका क्लिकमध्ये गेमचा वेग वाढवा" म्हणणारे प्रोग्राम टाकू नकोस, कळकळीने सांगतो.

एका वेळी एकच गोष्ट बदल, त्याच चौकात उभा राहून मोज आणि लिहून ठेव. दोन्ही रिझोल्यूशनचे आकडे, कार्डाचा वापर आणि रॅमचा वेग, एवढं मला कळव. मग कार्ड घ्यायचं की नाही ते दोघं मिळून ठरवू.

तुझाच,
जुना खेळगडी

ता. क. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहेस ना? मदरबोर्डाच्या पोर्टला नाही ना? संगणक नव्या टेबलावर हलवलास म्हणालास, म्हणून विचारतो. सगळ्यात आधी तेच बघ.