खिशातली कॅसेट

महोदय,

नवा अल्बम आला की गाण्यांआधी महागड्या स्टुडिओचेच गोडवे ऐकू येतात. अशा वेळी अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम हटकून आठवतो. जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर त्याने ही गाणी एकट्याने गाऊन-वाजवून उतरवली. गिटार, माउथ ऑर्गन, क्वचित मँडोलिन. हेतू एवढाच, की साथीदारांना चाली कळाव्यात. पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत अख्खा बँड बसवून तीच गाणी वाजवून पाहिली, पण त्यांतला एकाकीपणा हरवला. शेवटी डबीशिवाय खिशात घालून फिरवलेली ती कॅसेटच अल्बम म्हणून काढायचे ठरले. तिचा आवाज इतका बारीक, की तबकडीवर चढवताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले! ३० सप्टेंबर १९८२ला अल्बम निघाला, त्यासाठी दौरासुद्धा केला नाही. बँडसोबतचे ध्वनिमुद्रण २०२५मध्ये बाजारात आले. दोन्ही ऐकले; मला कॅसेटच सरस वाटली. अर्थात, पेन्सिलीने कॅसेटची फीत गुंडाळण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याचे हे मत.

– एक श्रोता, सांगली