मशीन मोठी घेतली, तरी पट्टीचा कोपरा उघडाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छताच्या कडेने लावायच्या क्राउन मोल्डिंगवर लेख होता. फोटो देखणे होते. पण ‘चांगली मायटर सॉ (कोनात काप घेणारी करवत मशीन) घेतली की कोपरे आपोआप जुळतात’ हे वाक्य वाचून राहवले नाही. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, तीस वर्षे सुतारकाम करतो. कोपरा जुळतो तो मशीनसोबत घ्यायच्या सुट्या सामानामुळे, आणि दुकानात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

पहिले ब्लेड. मशीनसोबत बहुधा २४ किंवा ४० दातांचे येते. फळ्या तोडायला ते ठीक, मोल्डिंगच्या नक्षीवर मात्र कडा उचकटतात. रंगवलेल्या पट्टीचे तर टवके उडतात. १० इंची ब्लेड बसणाऱ्या मशीनला ८० दातांचे लावावे. दिवाळीआधी एका दुकानातून मी तसेच घेतले. माझ्या मशीनचा ब्लेड बसवायचा दांडा २५.४ मिमी जाड, ब्लेडचे भोक ३० मिमी. दुकानदार म्हणाला, “काका, रिंग नाखी दो, चाली जशे.” (भोकात रिंग घाला, चालून जाईल.) रिंग सैल निघाली. ब्लेड लचकत फिरले, सागाच्या दहा फुटी पट्टीचे टोक फाटले आणि मी घाबरून बटण सोडले. हात वाचला. दुकानदाराने दांड्याची जाडी विचारायला नको का? ब्लेडवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे का, हेही तिथेच पाहून द्यायला हवे.

दुसरे सामान म्हणजे कोन मापायचे डिजिटल अँगल फाइंडर. वासणा रोडवरच्या एका नव्या फ्लॅटमध्ये हॉलचा कोपरा मापला तर ९२ अंश भरला. नुसत्या डोळ्यांना काटकोनच वाटत होता! तिथे दोन्ही पट्ट्या डोळे झाकून ४५ वर कापल्या तर कोपऱ्यात मागे टेकतात आणि समोर, खोलीच्या बाजूला, फट पडते. मग रंगारी ती फट लांबी (पुट्टी) भरून बुजवतो आणि पहिल्या उन्हाळ्यात चीर दिसते. १८० मधून कोपऱ्याचा कोन वजा करून निम्मे केले की मशीनचा आकडा मिळतो, इथे ४४. रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत तर चारही कोपरे वेगळे निघतात, म्हणून प्रत्येक कोपरा मापावाच.

तिसरे, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचे, क्राउन स्टॉप. ही पट्टी कापताना उलटी धरतात: छताची कड खाली टेबलावर, भिंतीची कड मागच्या फेन्सला, म्हणजे मशीनच्या उभ्या आधाराला. भिंतीवर ती जितकी कलणार तितकीच इथे कलली पाहिजे. पात्याच्या धक्क्याने एक मिलिमीटर घसरली तरी सांधा गेला. स्टॉप तिला जागेवर अडवून धरतात. ते त्याच मॉडेलचे लागतात, दुसऱ्याचे बसत नाहीत. नाहीच मिळाले तर प्लायच्या तुकड्यावर सरळ लाकडी पट्टी स्क्रूने बसवून तो मशीनला घट्ट बांधावा. माझे आजोबा हाताच्या करवतीसाठी लाकडी मायटर पेटी करायचे, तीत असाच अडसर असे. स्टॉपशिवाय पट्टी आडवी ठेवूनही कापता येते, पण भिंतीशी ३८ अंशांत कलणाऱ्या मोल्डिंगला मशीन ३१.६ अंश वळवून ३३.९ अंश कलती करावी लागते, तेही कोपरा पुरता ९० असेल तरच.

लांब पट्टीच्या टोकाखाली स्टँड हवाच, नाहीतर ती लोंबते आणि काप तिरका जातो.

हे सगळे मिळूनही १२ इंची मशीनसाठी मोजायच्या जादा पैशांपेक्षा बहुतेक कमीच पडते. पट्टी फेन्सच्या उंचीत मावत असेल तर १० इंची पुरते. पैसे वाचवायला नवी पोरे चार इंची ग्राइंडरला लाकडाचे पाते लावून मोल्डिंग कापतात. तो ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. ते पाते अडकले की हातातून उसळून मांडीत घुसते. कृपया हे कोणी करू नये.

पुढच्या पुरवणीत फोटोंच्या शेजारी ब्लेडचे दात, दांड्याची जाडी आणि कोपरा मापायची रीत एवढे तरी छापावे, ही विनंती.

आपला,
एक सुतार, दांडिया बाजार, बडोदे