विषय: ‘आय७’ नावाखाली तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

परभणीत माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे. ‘नवा आय७ एडिटिंग डेस्कटॉप, ३.४ गिगाहर्ट्झ’ ही तुमची जाहिरात वाचून मी संगणक मागवला. आत निघाला आय७-३७७०, म्हणजे इंटेलने २०१२ मध्ये बाजारात आणलेला तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर (संगणकाचा मेंदू). आय३, आय७ ही नुसती मालिकांची नावं, पिढी कळते ती पुढच्या क्रमांकावरून. जाहिरातीत, बिलावर, खोक्यावर पूर्ण मॉडेल क्रमांक कुठेच नाही. फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो, “आय७ आहे सर, आय३पेक्षा भारीच असणार.”

हे साफ चूक आहे. २०२२ मधला आय३-१२१०० घ्या, बजेटमधला. त्यालाही ३७७०सारखेच चार कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), वेग ३.३ गिगाहर्ट्झ. आकडे वाचले तर तुमचाच आय७ किंचित पुढे वाटतो. पण तेवढ्याच गिगाहर्ट्झला नवा आय३ कितीतरी जास्त काम उरकतो, टर्बोत, म्हणजे गरजेला वेग वाढवून, ४.३पर्यंत जातो (तुमचा ३.९ला थांबतो) आणि डीडीआर४ किंवा डीडीआर५ रॅम घेतो. तुमच्या मशीनमध्ये त्याआधीची डीडीआर३ आहे. माझं काम मात्र अडतं ते एचईव्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या फॉरमॅटवर. हल्ली बरंच फोरके शूटिंग त्याच फॉरमॅटमध्ये येतं. ते डिकोड करण्याची, म्हणजे उलगडून दाखवण्याची, सोय आय३-१२१००च्या आतल्या ग्राफिक्समध्येच आहे, ३७७०मध्ये ती नाही. सगळा भार कोरवर येतो, एडिटिंगची टाइमलाइन अडकत अडकत चालते, आणि लग्नसराईत लोक व्हिडिओसाठी दारात उभे असतात.

त्यात विंडोज ११ टाकून दिलंय. विंडोज ११ कोणत्या प्रोसेसरवर चालतं याच्या मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा एकही प्रोसेसर नाही, आणि मागे विंडोज १०वर जावं तर त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

जुनी मशीन विकायला माझी हरकत नाही. टायपिंगला, ऑनलाइन फॉर्म भरायला ती आजही चालते. सेलू-जिंतूरच्या एखाद्या पोराला स्वस्तात मिळाली तर आनंदच आहे. पण जुनी सांगून, जुन्याच्या भावात विका. ‘नवा’ म्हणून नव्हे.

माझी पूर्ण रक्कम परत करा, मशीन तुमच्या खर्चाने न्या आणि प्रत्येक जाहिरातीत प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक छापा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार मी जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करीन. मशीन स्वयंरोजगारासाठी घेतली असल्याने कायद्याने मी ग्राहकच ठरतो, आणि ही तक्रार परभणीतच करता येते.

बिल, जाहिरात आणि प्रोसेसरचं नाव दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरच्या (विंडोजमधल्या खिडकीच्या) स्क्रीनशॉटची प्रत सोबत जोडली आहे.

आपला ग्राहक,
स्टुडिओचालक, परभणी