पाळकीणबाई, तुमच्या विश्वासावर मी तेव्हा उभी राहिले

प्रिय पाळकीणबाई, जय ख्रिस्त!

साहेबांची, म्हणजे आपल्या चर्चच्या पाळकांची, बदली झाली हे रविवारी उपासना सुटल्यावर कळलं आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतंय. तुम्हाला एकटीला व्हॉट्सअ‍ॅप करता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते, कारण आपल्या बेळगावात, तिकडं खानापूर-निपाणीला पण, दिवसभर दवाखान्यात नाहीतर शाळेत राबून परत चर्चच्या मंडळीचं सगळं अंगावर घेणाऱ्या कितीतरी बायका आहेत आणि त्या गप्प बसून थकतात. तुम्ही माझ्यासाठी काय केलं ते त्यांना कळू दे.

तेव्हा मी ज्या खासगी दवाखान्यात नर्स होते तिथं स्टाफ कमी, त्यामुळं नाईट संपवून सकाळची ड्युटी पण गळ्यात पडायची. त्यात मला मराठी-कन्नड दोन्ही येतं म्हणून चंदगडकडचे पेशंट आले की डॉक्टरांचं कन्नड त्यांना समजावा, बैलहोंगलचे आजोबा आले की त्यांचं दुखणं नव्या डॉक्टरला हिंदीत सांगा, म्हणजे माझे बेड वेगळे आणि हे वेगळं, याचा हिशोब कुठंच नाही. ते पण चाललं असतं, माणसांशी बोलायला मला आवडतं. पण घरी आल्यावर सासूबाईंचं पथ्य, पोरांचा अभ्यास, शनिवारी गायनाची प्रॅक्टिस, रविवारी पोरांना बायबल शिकवायची शब्बाथशाळा, मंगळवारी महिला मंडळ, आणि कुणाच्या घरी प्रार्थना असली की "सिस्टर येतीलच" असं सगळ्यांनी धरलेलंच.

एका रात्री वॉर्डात एक म्हातारी पाणी मागत होती. मी दिलं, उशी नीट केली, सलाईनचे थेंब बघितले, सगळं बरोबर केलं. पण ती हात जोडून "देव तुझं भलं करो" म्हणाली आणि मला काहीच वाटलं नाही. बरं नाही, वाईट नाही, काहीच नाही. त्याची मला फार भीती वाटली, कारण त्या एका शब्दासाठी तर मी या कामात आले होते. पुढं पुढं चर्चमध्ये पण तसंच. गीत ओठावर यायचं, आत काही हलायचं नाही. घरी गुडघे टेकले की "प्रभू" एवढं म्हणायचे आणि पुढं शब्दच नाहीत.

नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआऊटची नीट व्याख्या केली आहे. आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा ताण फार काळ तसाच राहिला की जे होतं ते म्हणून. अंगातली सगळी ताकद संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, अशा तीन खुणा त्यात आहेत. वाचताना वाटलं माझीच केस शीट कुणीतरी लिहिली आहे. पण तेव्हा मला एवढंच वाटायचं की माझा विश्वास आटला. आणि चांगल्या मनाची माणसंच सांगत होती, उपास कर, पहाटे उठून प्रार्थना वाढव. जी बाई धड झोपलीच नाही तिनं पहाटे उठायचं!

तेव्हा तुम्ही बायबल न घेता आलात, डबा घेऊन आलात. नाचण्याची भाकरी, वांग्याची भाजी, लोट्यात ताक. "आधी खा बघू," एवढंच बोललात. मग मला तुमच्या घरी नेऊन मागच्या खोलीत झोपवलंत, माझा मोबाईल स्वतःकडं ठेवलात, पोरांना तिथंच जेवायला घातलंत, आणि मी उठले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मी गडबडीनं निघायला लागले तर तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "कुणासाठी पळूलालीस गं एवढी?" मला उत्तर देता आलं नाही, नुसतं रडू आलं. तुम्ही रडू दिलंत. मध्ये एक वचन टाकून मला गप्प केलं नाहीत, याचे आभार मी किती मानू?

मग बायबलातल्या एलियाचं सांगितलंत. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला, तो रानात झुडपाखाली बसून म्हणतो की आता पुरे, माझा जीव घे. शब्बाथशाळेत ही गोष्ट मी कितीदा शिकवली होती, पण तुम्ही दाखवलंत की देवानं त्याला तिथं एका शब्दानं दटावलं नाही. दूताकरवी निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. वाट तुला झेपणार नाही म्हणून खा, असं दूत म्हणतो. होरेब डोंगर, ती मंद वाणी, पुढचं काम, हे सगळं त्यानंतरचं.

पण मला खरं सावरलं ते तुमच्या पुढच्या बोलण्यानं. मी म्हटलं, मला प्रार्थनाच करता येत नाही बाई. तुम्ही म्हणालात, "ड्युटी संपली की पेशंट तसेच टाकून येतेस का? पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देतेस. मग मला हँडओव्हर दे. तुझी प्रार्थना आता मी करते, तुला जमेल तेव्हा परत घे." आणि बायबलातल्या मार्क 2 मधला तो लकवा भरलेला माणूस काढलात, चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलेला. तिथं येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय, उचलून आणणाऱ्यांचा. बाजेवर पडलेला माणूस तोपर्यंत एक शब्द बोललेला नाही. इतकी वर्षं चर्चला जाते पण हे कधी माझ्यासाठी आहे असं वाटलं नव्हतं.

आणि तुम्ही ते नुसतं म्हणाला नाहीत. माझी नाईट संपायच्या वेळेला रोज तुमचा मेसेज, "आज सासूबाईंच्या शुगरसाठी आणि तुझ्या झोपेसाठी केली." उत्तर द्यायचं नाही अशी अट. मी कितीतरी दिवस नुसते निळे टिक दाखवले, तुम्ही कधी विचारलं नाही की आता वाटतंय का काही.

डॉक्टरकडं पण तुम्हीच धाडलंत, विश्वास आहे म्हणजे रक्त तपासायचं नाही असं कुठं लिहिलंय म्हणून. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. 14416 हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासात बोलण्यासाठीचा, सरकारी नंबर पण तुम्हीच दिलात, फुकट आहे, 24 तास चालू असतो, आणि लाजू नको म्हणालात. ज्यांना मनावरचं ओझं कुणाशी बोलता येत नाही त्यांनी तो नक्की लावावा, मी लावला होता.

चर्चच्या पंचकमिटीत तुम्ही काय बोललात ते मला दुसऱ्यांकडून कळलं. मोशेच्या सासऱ्याचा दाखला दिलात म्हणे, बायबलातल्या निर्गम 18 मधला, की एकटाच दिवसभर न्याय करत बसलास तर तू पण झिजशील आणि लोक पण, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. शब्बाथशाळा चौघींत वाटली गेली. मंडळ दुसरीनं घेतलं. दवाखान्यात डबल ड्युटीला नाही म्हणायचं बळ मला त्यातूनच आलं, आणि पुढं मी ती नोकरीच बदलली.

बरं एकदम वाटलं नाही. पावसाळा गेला, थंडी आली, आणि एका रविवारी कॅम्पातून चर्चला जाताना माझं मीच गुणगुणतेय हे पोरीनं मला सांगितलं, "मम्मी, तू गाऊलालीस." त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर घेताना डोळे भरून आले. संध्याकाळी तुम्हाला मेसेज केला की हँडओव्हर परत घेते. तुम्ही नुसतं "आमेन" लिहिलंत.

नव्या गावी सुरुवातीला जड जाईल तुम्हाला. सगळे तुमच्याकडंच मागायला येतील, पाळकाच्या घरी कोण डबा घेऊन जात नाही. म्हणून सांगते, तुम्हाला जमेना झालं की मला कळवा, अर्ध्या रात्री कळवा, मी जागीच असते. तुमच्या वाटणीची प्रार्थना मी करते.

सामान बांधायला शनिवारी येते. शुक्रवारी नाईट आहे, त्यामुळं आधी झोपणार आणि दुपारनंतरच येणार, भांड्यांची खोकी तेवढी माझ्यासाठी ठेवा. डबा मी आणते, त्या दिवशी चूल पेटवू नका.

तुमची,
सिस्टर