आधी खडी बघा, मग यंत्र

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या एका वाचक बाईंनी पहिल्या बर्फाचं वर्णन केलं आहे. लेख छान आहे. पण सोबतच्या फोटोत घरापासून थेट रस्त्यापर्यंत गेलेली खडीची वाट दिसते, आणि गॅरेजच्या दारात बर्फ उडवून बाजूला फेकणारं एक छोटं लाल यंत्र, स्नोब्लोअर. ते पाहून मला माझा पहिला हिवाळा आठवला. हे पत्र खरं म्हणजे त्यांच्या चिरंजीवांसाठी आहे. आई वाचून दाखवतीलच.

मी मूळचा जत तालुक्यातला. गेली सतरा वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्कजवळ राहतो. घर रस्त्यापासून तीनशे फूट आत आहे. जागा बघायला आलो तो जुलै होता, आणि आत असलेलं घर रुबाबदार वाटलं. थंड वारा ईरी सरोवराच्या लांबीवरून येतो, वाटेत पाण्याची वाफ उचलतो आणि किनारा लागला की बर्फ करून ओततो, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. बर्फाचा हा पट्टा इतका चिंचोळा असतो की बफेलोच्या उत्तरेला ऊन आणि आमच्या दारात तासाला तीन इंच, असंही होतं.

थोडा हिशोब. माझी खडीची वाट नव्वद मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, त्यावर फूटभर बर्फ. हलका, भुसभुशीत धरला तरी साधारण साडेनऊ टन. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. आमच्या गावात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो ना, तो अख्खा एक टँकर! वडिलांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "एवढं पाणी फेकून देतोस होय रे?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तर हा टँकर फावड्याने हलवायचा नाही. नोव्हेंबर २०२२च्या वादळात आमच्याकडे सुमारे ८० इंच पडला, तेव्हा काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, जाहीर केलेले पहिले दोन मृत्यू बर्फ काढतानाच्या श्रमाने हृदयावर ताण येऊन झालेले होते. मी पन्नाशी ओलांडली आहे. फावडं पायऱ्यांपुरतं.

पहिल्या वर्षी दुकानदाराने मला एकच प्रश्न विचारला, गॅरेज किती गाड्यांचं? दोन म्हटल्यावर त्याने सिंगल स्टेज स्नोब्लोअर दिला, फोटोतल्यासारखाच. त्यात एकच फिरता रूळ असतो, त्याला रबराची पाती. ती जमिनीला घासत जातात आणि त्याच झटक्यात बर्फ बाहेर उडवतात. काँक्रीटवर किंवा डांबरावर काम इतकं स्वच्छ होतं की झाडू मारल्यासारखं. पण खडीवर? पहिल्याच फेरीत माझ्याच गाडीची मागची काच गेली. दुकानदाराने वाट कशाची आहे हे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, त्यामुळे भांडणार कोणाशी!

खडीसाठी टू स्टेज घ्यावा लागतो. ज्यांनी कडबा कुट्टी पाहिली आहे त्यांना तो लगेच कळेल. पुढे लोखंडी मळसूत्र बर्फ फोडून मधोमध आणतं आणि मागचा पंखा तो वरच्या फिरत्या तोंडातून तीस-चाळीस फूट लांब फेकतो. या यंत्राच्या पुढच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या असतात, जमिनीवरून घसरणाऱ्या. त्यांचे बोल्ट ढिले करून तोंड इंचभर उचलायचं, म्हणजे खडी खाली राहते. पहिल्या बर्फाचा इंचभर थर मागे उरतो, त्यावरून गाडी फिरवून तो दाबून टाकायचा. एकदा गोठला की मार्चपर्यंत तीच फरशी.

यंत्राच्या रुंदीबद्दल लोक फार विचारतात. माझा २८ इंची आहे, पाच फेऱ्यांत वाट मोकळी होते, साधारण पाऊण तास. २१ इंचीला सात लागतील. पण खरी परीक्षा वाटेच्या टोकाला असते. टाउनचा प्लाउ, म्हणजे पुढे पातं लावलेला बर्फ सारणारा ट्रक, रस्ता साफ करत जातो आणि आपल्या वाटेच्या तोंडाशी मिठाचा, ढेकळांचा बांध घालून जातो. दोन तासांत तो दगड होतो. हलकं यंत्र त्यावर चढतं आणि नाक वर करून बसतं. तिथे वजन लागतं, शंभर किलोच्या वरचं. आणि तो बांध फोडून समोर रस्त्यावर ढकलायचा नाही, न्यूयॉर्क राज्यात ते बेकायदा आहे.

बॅटरीचे ब्लोअर फारसा आवाज करत नाहीत, पेट्रोल मागत नाहीत. समोरच्या घराची डांबरी वाट चाळीस फुटांची, तिथे झकास चालतं. एकदा मागून आणलं तर माझ्याकडे अर्ध्या वाटेत थांबलं.

प्लाउवाला लावावा का? पिकअपला पातं लावून तो पाच मिनिटांत मोकळा होतो, मीही दोन हिवाळे लावला होता. पण प्लाउ बर्फ फेकत नाही, बाजूला सारतो. जानेवारीपर्यंत दोन्हीकडच्या भिंती गोठून आत सरकतात आणि वाट गाडीएवढीच उरते. डिसेंबरातच ढीग लांब रेटून ठेवणारा माणूस मिळाला तर अवश्य लावा. माझा दुसऱ्या वर्षी निम्मी खडी लॉनवर ढकलून गेला. एप्रिलमध्ये मी ती पंज्याने ओढत होतो.

आता एक किस्सा, तुम्हाला आवडेल न आवडेल. एका सोमवारी यंत्र कडकन थांबलं. आदल्या दिवशीचा इंग्रजी पेपर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बर्फाखाली गोठून विटेसारखा झाला होता, तो मळसूत्रात गेला. शिअर पिन तुटली. ती तुटण्यासाठीच असते, मऊ लोखंडाची, गिअरबॉक्स वाचवायला. माझ्याकडे दुसरी नव्हती म्हणून मी पोलादी बोल्ट ठोकला आणि स्वतःच्या जुगाडावर खूश झालो. पुढच्या दगडाला बोल्ट शाबूत राहिला, गिअरबॉक्स फुटला. चारशे डॉलर. आता सहा पिना खिळ्याला टांगलेल्या असतात.

आणि हात. ओला बर्फ वरच्या तोंडात तुंबतो, तेव्हा इंजिन बंद केलं तरी पंख्यावर ताण राहिलेला असू शकतो. अडकलेला बर्फ निघाला की तो एक गचका फिरतो. आमच्या गावात कुट्टीत बोटं गेलेले दोघे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. यंत्राबरोबर प्लॅस्टिकची फावडी मिळते, तिनेच काढायचं.

चिरंजीवांना सांगा, जमीन गोठायच्या आत वाटेच्या दोन्ही कडांना नारिंगी काठ्या रोवून घ्या. दोन फूट बर्फात आपली वाट कुठे आणि लॉन कुठे, हे ओळखू येत नाही. ते लाल यंत्र विकू नका. माझं अजून आहे. गॅरेजसमोर काँक्रीटची बारा फुटी पट्टी आहे, तेवढी त्याला दिली आहे.

आपला,
एक जुना वाचक, ऑर्चर्ड पार्क, न्यूयॉर्क