पाचवी बरणी

पुणे

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मुठेच्या पाण्याच्या बरण्यांचा फोटो आईने आणि मी मोठा करून पाहिला. खडकवासला, विठ्ठलवाडी, लकडी पूल, संगम. खडकवासल्याच्या बरणीतून मागची खिडकी लख्ख दिसते. संगमाच्या बरणीतून नुसता उजेड कळतो. ते बघून आई बराच वेळ बोलली नाही. काम फार चांगलं झालंय. मागे रंगवलेलं कारखान्याचं धुराडं मात्र मला पटलं नाही.

कारखाने निर्दोष आहेत असं नाही. पण पुण्यात मुठा नासली ती मुख्यतः घराघरांतल्या सांडपाण्याने. खडकवासल्याचं पाणी आपण नळाने घेतो आणि त्यातलं कितीतरी शुद्ध न करताच नदीत सोडतो.

तुझ्या जन्माआधी नारायण पेठेतल्या घरी मी स्क्रीन प्रिंटिंगने लग्नपत्रिका छापायचो, हे तुला ठाऊक आहे. रात्री छपाईची स्क्रीन, म्हणजे कापड ताणलेली चौकट, रॉकेलने पुसायची आणि मोरीत धुवायची. कुंकवासारखा लाल ओघळ जाळीकडे जायचा, सोनेरी शाईची चिकट कड फरशीवर राहायची. ती कड आई सकाळी घासून काढायची. उरलेलं कुठे गेलं, हे इतक्या वर्षांत माझ्या एकदाही मनात आलं नाही. नदी घरापासून चालत पाच मिनिटांवर होती गं. आता पुलावरून जाताना ते फार सलतं.

मुठेचं पाणी पुढे भीमेला मिळतं, भीमेतून उजनी धरणात जातं. आपली इंदापूरची आत्या त्याच पाण्यावर ऊस काढते.

दिल्लीच्या कलाकार विभा गलहोत्रा यांनी यमुनेचा गाळच चित्रांत वापरला आहे. तूही बरण्यांच्या तळचा गाळ वापरून बघ, पण हातमोजे घालून. आणि ब्रश धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नकोस. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच. बादलीत रात्रभर निवळू दे, वरचं पाणी फडक्यातून गाळ, खाली बसलेला रंग वाळवून सुक्या कचऱ्यात टाक.

धुराड्याच्या जागी पाचवी बरणी ठेव, आपल्या मोरीची. माळ्यावर माझी एक जुनी स्क्रीन आहे, तिच्या कोपऱ्यात सोनेरी शाई अजून चिकटलेली आहे. दिवाळीला आलीस की काढून देतो. खाली माझं नाव लिहायचं असेल तर खुशाल लिही.

तुझा,
बाबा