सुरकुतलेल्या रेघेबद्दल सायलीला

सांगली,
२० ऑगस्ट

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

मोटरसायकलच्या टाकीचे तू पाठवलेले तिन्ही फोटो मोठे करून नीट बघितले. क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारल्यावर दहा मिनिटांत सोनेरी रेघ दुधावरच्या सायीसारखी आक्रसली, पण शेजारचा काळा रंग जिथल्या तिथे राहिला. तुझा हात चुकलेला नाही. रेघ सरळ आहे, जाडीही सारखी आहे. जे बिघडलं ते दोन थरांचं एकमेकांशी बिघडलं.

रेघ तू सिंथेटिक इनॅमलने मारलीस. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यामुळे वरची कातडी आधी धरते आणि पोटात ते कितीतरी दिवस मऊ राहतं. त्यावर पीयूचा, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेनचा, क्लिअर आला. त्याचं थिनर तिखट, ते कातडीतून आत शिरलं आणि खालचा मऊ रंग फुगला. फुगलेल्या रंगाला पसरायला जागा नसते, म्हणून तो सुरकुततो. काळा रंग कंपनीत भट्टीत भाजलेला, म्हणून त्याला काही झालं नाही. बोटाला रेघ वाळलेली लागली, एवढ्यावर तू विश्वास ठेवलास. इनॅमलच्या बाबतीत बोट खोटं बोलतं.

आता त्या टाकीला आठवडाभर हात लावू नको. ओली असताना खरवडलीस तर चिखल होईल. कडक झाली की ३२० च्या पॉलिश पेपरने फक्त सुरकुतलेला भाग उतरव आणि कडा ६०० ने पाण्यात घासून अशा मिळव की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. काळा कुठे फाटला तर तेवढ्यापुरता बेस, म्हणजे क्लिअरखालचा रंग, मार. पेंट रिमूव्हर वापरू नको, तो चांगला रंगही सोबत नेतो. आणि गिऱ्हाइकाला आजच फोन करून उशीर होणार हे सांग.

टाकीवर यापुढे रेघ पीयूच्याच रंगाने मार. वरचं क्लिअर आणि खालची रेघ एकाच जातीची असली की भांडण होत नाही. एका टाकीच्या लायनिंगला, म्हणजे रेघांना, ५ ते १० मिलीपेक्षा जास्त रंग लागत नाही, म्हणून डब्यातून अंदाजाने ओतायचं नाही. मेडिकलमधून सुया नसलेल्या सिरिंजा आण, रंगाला एक, हार्डनरला एक. प्रमाण डब्यावर असेल तेच धर, कुठे २:१ असतं, कुठे ४:१. थिनर स्लो, म्हणजे हळू उडणारं घे, नाहीतर रंग ब्रशवरच ओढायला लागतो. हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू झालं असं समज. तास-दीड तासात घट्ट वाटू लागला की फेकून दे आणि ब्रश लगेच धू. थिनर वाढवून तो रंग परत जिवंत करता येत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरने ब्रशची लायनिंग करायच्या भानगडीत पडू नको, तो रेघ पुरी व्हायच्या आत वाळतो.

इनॅमल वाईट नाही. सायकल, पत्र्याची ट्रंक, शटर, गळीत हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्यांवर घातली जाणारी नावं, ही सगळी इनॅमलचीच कामं. तिथे वर क्लिअर कोणी मारत नाही आणि रंग आपोआप सपाट बसतो. टाकीच्या झाकणाजवळ मात्र पेट्रोल सांडतंच, आणि उघडं इनॅमल त्याने मऊ पडून पुसलं जातं. म्हणून टाकीला क्लिअर हवाच.

रॉयल एनफील्डच्या कित्येक टाक्यांवरची रेघ चेन्नईच्या कारखान्यात आजही हाताने मारली जाते. गिऱ्हाईक तुझी रेघ तिच्याशीच ताडून बघणार. तेव्हा ब्रशाचं सविस्तर लिहितो.

आपला ब्रश तलवारीसारखा, लांब मऊ केसांचा, केस साधारण दोन इंच. खारीच्या केसांचा चांगला. दुकानदार मुंगसाच्या केसांचा पुढे करेल, तो हातात घेऊ नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. ब्रश डबीत बुडवून थेट टाकीवर न्यायचा नाही. जुन्या दिवाळी अंकाचं गुळगुळीत कव्हर फाडून घे. केस दोन-तृतीयांश बुडव आणि त्या कव्हरवर ब्रश एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने ओढ, आठ-दहा वेळा. आधी तो अडखळतो, मग थिनरचा एखादा थेंब मिळाला की केस चपटे होऊन एका धारेत येतात आणि ब्रश कागदावर जड पण न अडता सरकतो. ते जडपण बोटांना कळलं पाहिजे. घट्ट राहिला तर रेघ मध्येच तुटते, पातळ झाला तर कडेला पाय फुटतात आणि उभ्या बाजूला ओघळ येतो.

ब्रश अंगठा आणि तर्जनीत, दांड्याच्या बुडाशी धर. करंगळी टाकीच्या कडेवर किंवा टेपवर टेकव, तीच तुझी पट्टी. केस टेकवले की थांबायचं नाही, अंगाकडे ओढत यायचं. नजर ब्रशच्या टोकावर नको, दोन-तीन इंच पुढे, जिथे जायचंय तिथे. जाडी दाबाने ठरते, म्हणून मनगट गोठवून खांद्यातून हात ओढ. वळणावर मनगट फिरवलंस तर रेघ जाड होते, तिथे दांडा बोटांत लाटायचा. टाकीची जी बाजू तुला अवघड, ती आधी कर. सोपी बाजू तिच्याशी जुळवता येते, उलटं होत नाही. इनॅमलची रेघ चुकली तर दहा-पंधरा मिनिटांत टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसली जाते, भट्टीच्या रंगाला धक्का लागत नाही. पीयूला ही सवलत नाही, तिथे टाकी आधीच घासलेली असते आणि थिनरचं फडकं खालच्या रंगाला धरतं. म्हणून हात बसेपर्यंत काचेच्या तुकड्यावर रोज शंभर रेघा मार आणि ब्लेडने खरवडून परत मार.

टेप लावून करणार असशील तर साध्या मास्किंग टेपखालून रंग झिरपतो, बारीक रेघांसाठी मिळणारी फाइनलाइन टेप घे. ती रंग चिकट असतानाच, मागे दुमडून काढायची. पूर्ण वाळल्यावर काढलीस तर कडा करवतीसारखी तुटते.

तुला त्या नागमोडी, दोन्ही बाजूंना सारख्या नक्ष्या करायच्या आहेत, हे तुझ्या वहीतून दिसतं. ती पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात केनेथ हॉवर्ड याच्यामुळे गाजली. त्याला लोक वॉन डच म्हणत. डोळ्याने सारखेपणा येईल अशा भ्रमात राहू नको. ट्रेसिंग पेपर मधोमध दुमड, अर्धी नक्षी काढ, दोन्ही पदरांतून सुईने दर तीन मिलीमीटरवर भोक पाड. उलगडून टाकीच्या मधल्या रेषेवर चिकटव आणि मलमलच्या पोटलीत खडूची पूड घेऊन वरून थोपट. रांगोळीचा छाप जसा उठतो तसे ठिपके उठतात. काळ्या टाकीवर पांढरा खडू, पांढऱ्यावर निळा. पूड फुंकरीने कमी कर, नाहीतर ब्रशात शिरते.

आता रंगाखालचं काम. आधी साबणाच्या पाण्याने धू, मग ग्रीस रिमूव्हर, मग घासणं. हा क्रम उलटा केलास तर पॉलिशचा सिलिकॉन पेपरच्या चरांत जाऊन बसतो आणि क्लिअरवर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. रिमूव्हरला दोन फडकी, एक ओलं लावायला, दुसरं कोरडं लगेच पुसायला. ते आपोआप उडू दिलंस तर तेल तिथेच राहिलं. घासायला ८०० किंवा १००० चा वॉटर पेपर, सगळी चमक जाईपर्यंत. चकाकणारा ठिपका राहिला तिथून क्लिअर पुढे सोलून निघणार. चेनला तेलाचा स्प्रे तुझ्या शेडमध्ये कोणी मारत असेल तर त्या दिवशी काम करू नको.

टाकी गाडीवरून काढूनच रंगवायची. पेट्रोल काढून, झाकण उघडं ठेवून दोन दिवस सावलीत ठेव, जवळपास ठिणगी नको. वाफ उरली तर ती झाकणाच्या भोकातून ओल्या क्लिअरमध्ये जाते आणि तिथे फोड येतात. रिकाम्या टाकीत पेट्रोलपेक्षा वाफ जास्त धोक्याची, हे विसरू नको.

क्लिअर दोन ते तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पहिला हात हलका, धुळीसारखा. एका टाकीला मिसळलेला २०० मिली पुरतो, त्यातला जवळपास निम्मा हवेत जातो. त्याच हवेबद्दल सांगतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला वास जवळजवळ नसतो आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की आयुष्यभराचा दमा देऊ शकतं. कापडी मास्क किंवा ओढणीने काही होत नाही. ऑर्गॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा मास्क ही कमीत कमी गोष्ट. कार्ट्रिज संपल्याचं वासाने कळत नाही म्हणून तारीख लिहून बदलायची, आणि हवा पुरवणारा मास्क परवडेल तितक्या लवकर घ्यायचा. नवी स्प्रे गन नंतर घे, आधी हा मास्क घे. ब्रशला तोंडाने टोक काढायची सवय तुला लागलेली दिसते, ती आजच सोड. घरगुती रंगांमधल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा आली, पण गाड्यांचे रंग त्यात नाहीत. पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिसं असू शकतं.

एअरब्रशचं तू विचारलंस. ०.३ मिलीमीटरची सुई सगळ्याला पुरते. रंग दुधाइतका पातळ, बारीक कामाला हवेचा दाब १५ ते २५ पीएसआय. खटका दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. सुरू करताना आधी हवा, संपवताना आधी रंग बंद. ठिपके उडतात तेव्हा रंग घट्ट आहे, हवा कमी आहे किंवा सुईच्या टोकावर रंग वाळलाय, हे तीनच बघ. रेघेतून कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर फार जवळ धरून फार रंग सोडलास. कपात बुडबुडे आले तर नोझल सैल आहे किंवा चिरली आहे. नोझल बोटानेच आवळ, पान्याचा जोर लावलास की मोडली म्हणून समज.

श्रावणात साताऱ्याची हवा कशी असते ते तुला माहीत आहे. हायग्रोमीटर लाव, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की क्लिअर नको. हार्डनर पाण्याशी मिळून वायू सोडतो आणि थरात सुईच्या टोकासारखी भोकं पडतात. टाकी रात्रभर आतच ठेव, गार पत्र्यावर सकाळी दव धरतं. हवेतलं पाणी अडवणारा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून लावलास हे फोटोत दिसलं. तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात सरळ पुढे निघून जातं. पाच-सहा मीटर पाइप जाऊ दे, हवा गार होऊ दे, मग ट्रॅप. कॉम्प्रेसरची टाकी रोज संध्याकाळी रिकामी कर.

हेल्मेट रंगवायला आलं तर सरळ नाही म्हण. बहुतेक हेल्मेटं पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसची, थिनर लागलं की आतून बारीक चिरा जातात आणि वरून काही दिसत नाही. पैशासाठी कोणाचं डोकं पणाला लावायचं नाही. स्टीलची बाटली, शिलाई मशीन, ट्रंक, किटली खुशाल कर, बाटलीची वरची किनार अर्धा इंच सोडून. शिलाई मशीनवरचे जुने सोनेरी छाप पॉलिश पेपरने जातात, मालकाला विचारल्याशिवाय घासू नको.

ती प्रिया स्कूटर रंगवायला घेतलीस हे छान केलंस. ती बनवणारी महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ ची, कारखाना साताऱ्यातच होता, तिची लायनिंग साताऱ्यातच व्हावी हे मला फार आवडलं. पण मूळ रंग बदलणार असेल तर आरसीवर नोंद करावी लागते, ते मालकाला आधी सांग. नुसत्या लायनिंगला त्याची गरज नाही. चॅसी नंबर ठोकलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरायची नाही, घासायचंही नाही. नंबर प्लेटला हात लावायचा नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा म्हणून सगळे शेवटच्या आठवड्यात येतील. क्लिअरनंतर आठवडाभर पॉलिश नाही, गाडीवर कव्हर नाही, हार-हळदकुंकू नाही, एवढा वेळ धरूनच तारीख दे. त्याआधी नवरात्रात येणाऱ्याला पुढच्या महिन्याची तारीख सांग.

एसटीच्या पार्सलने दोन ब्रश पाठवतोय, शून्य आणि दुहेरी शून्य नंबरचे. केसांना मिनरल ऑइल लावलंय. वापरण्याआधी टर्पेंटाइनने आणि मग थिनरने धू, तेल राहिलं तर रंग धरणार नाही. ठेवताना परत तेच तेल, जवसाचं चालणार नाही, ते वाळतं आणि केस दगड होतात. डबीत सरळ आडवे ठेव, टोक कशाला टेकू देऊ नको.

तुझा
बाबा

ता. क. नवी रेघ टाकीवर मारायच्या आधी एखाद्या भंगारातल्या मडगार्डवर तोच बेस, तीच रेघ, तोच क्लिअर मारून दोन दिवस उन्हात ठेव आणि त्याचा फोटो मला पाठव.